नवं लिव्हर, जुनी किडनी

यकृत बदलून आलेल्या माणसाची फाइल हातात आली की मी आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचा आकडा, बघतो. घरच्यांना हे जरा विचित्र वाटतं. त्यांना एसजीपीटी आणि बिलिरुबिन हे लिव्हरचे आकडे सांगायचे असतात, कारण दोन-तीन वर्षं त्यांच्या घरात हेच शब्द घुमत असतात. "लिव्हर एकदम फर्स्टक्लास हाय साहेब, नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं," असं म्हणून ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतात. मी मात्र मागच्या महिन्याचं, त्याच्या मागच्या महिन्याचं आणि ऑपरेशनच्या आधीचं क्रिएटिनिन शोधत पानं उलटत असतो. शेवटी कोणीतरी विचारतंच, "लिव्हर बदललं ना जी, मंग किडनीचं काय मधातच?"

मी मंगरूळपीरला फिजिशियन म्हणून काम करतो. साखर, बीपी, डेंग्यू, सर्पदंश, फवारणीतली विषबाधा हा इथला रोजचा व्याप. यकृत बदललेले रुग्ण अगदी थोडे. पण एकदा यायला लागला की तो माणूस वर्षानुवर्षं येतो. शस्त्रक्रिया नागपूर, पुणे किंवा मुंबईला होते. पुढची सगळी वर्षं काढायची असतात ती मंगरूळपीरला, शेलूबाजारला, आसेगावला, मानोऱ्याकडच्या एखाद्या खेड्यात. नागपुरात यकृत प्रत्यारोपण सुरू झालं 2018 मध्ये. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि शेलूबाजारला गाडी वर चढवली की नागपूर बरंच जवळ आलं. तरी प्रत्येक तापाला, प्रत्येक जुलाबाला कोणी नागपूरला जात नाही. जाऊ शकतही नाही. सोयाबीन कापणीला आलेली असते, मजूर ठरलेले असतात.

वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 रोजी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीत दोन वर्षांच्या आतल्या एका बाळावर लहान मुलातलं भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं. वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा दिला होता. ते बाळ मोठं होऊन स्वतः डॉक्टर झालं. आमच्या जिल्ह्याच्या वयाएवढाच या उपचाराचा आपल्या देशातला इतिहास आहे, म्हणजे दहा, पंधरा, वीस वर्षं नवं यकृत घेऊन जगणारी माणसं तालुक्याच्या गावी दिसू लागली ती आत्ता आत्ता. आणि त्यांच्याकडे बघताना मला जे पुन्हा पुन्हा दिसलं ते असं: बसवलेलं यकृत बहुतेकांचं टिकतं. मागे पडतात त्या जन्मापासूनच्या किडन्या, आणि पुढचं आयुष्य किती आणि कसं, हे पुष्कळदा त्याच ठरवतात. त्यांना जपणं किंवा बिघडवणं हे दोन्ही मुख्यतः आमच्याकडे, तालुक्यात घडतं.

याची सुरुवात ऑपरेशनच्या कितीतरी आधी होते. सिरोसिसचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. पोट पाण्याने तट्ट, आणि दंड, मांड्या, कानशिलं खोल गेलेली. असा माणूस खुर्चीत बसतो, मुलगा रिपोर्ट पुढे करतो, क्रिएटिनिन 0.9. रिपोर्टवर शेजारी छापलेलं असतं की 0.7 ते 1.3 नॉर्मल. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. ज्याच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत, त्याच्या रक्तात ते वाढणार कुठून? अशा माणसाचं 0.9 हे धडधाकट शेतकऱ्याच्या 1.5 इतकं वाईट असू शकतं. बायकांच्या बाबतीत ही फसगत आणखी मोठी, कारण त्यांच्यात स्नायू मुळातच कमी. कोणाला यकृत आधी मिळावं हे ठरवण्यासाठी अमेरिकेत 2002 पासून मेल्ड नावाचा स्कोअर वापरतात. त्यात बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन असतं. क्रिएटिनिन कमी दिसत असल्याने बायका यादीत मागे राहतात हे लक्षात यायला बरीच वर्षं गेली. 2023 मध्ये लागू झालेल्या नव्या आवृत्तीत त्यांना त्यासाठी जादा गुण द्यायला सुरुवात झाली. मेल्ड मी कॉम्प्युटरवर काढतोच. पण त्याआधी रुग्णाचा दंड हातात धरून बघतो.

पोटातलं पाणी काढणं ही चुकण्याची दुसरी जागा. "पाणी काहाडलं की लय हलकं वाटते," असं प्रत्येक जण सांगतो, आणि ते खरंच आहे. पण पाच लिटरच्या वर पाणी काढायचं असेल तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावं लागतं. नाहीतर रक्ताभिसरणातला समतोल ढळतो आणि किडनीकडे जाणारं रक्त आटतं. अल्ब्युमिनची बाटली महाग. पाणी काढायला घेतलेले पैसे आणि अल्ब्युमिनचे पैसे यांचा मेळ बसत नाही, म्हणून ती टाळली जाते. माझ्याकडे आलेल्या एका काकांचं पाणी एका ठिकाणी बाटलीशिवाय बदाबदा काढलं होतं. दुसऱ्या दिवसापासून लघवी कमी झाली, चौथ्या दिवशी ते गुंगीत. ते वाचले. मात्र प्रत्यारोपणापर्यंत पोहोचायच्या आधीच त्यांच्या किडनीचा एक हिस्सा खर्ची पडला होता.

यकृत बिघडल्यामुळे किडनी बंद पडते, त्याला हेपॅटोरीनल सिंड्रोम म्हणतात. या विषयातला माझ्या सगळ्यात आवडीचा प्रयोग 1969 सालचा आहे. यकृताच्या आजाराने मरण पावलेल्या, किडन्या पूर्ण थांबलेल्या रुग्णांच्या त्याच किडन्या काढून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी यकृत चांगलं असलेल्या रुग्णांना बसवल्या. त्या चालू लागल्या. किडनीत खोट नव्हती, तिला मिळणारा रक्ताचा पुरवठा आवळला गेला होता, हे यातून सिद्ध झालं. म्हणूनच यकृत बदलल्यावर काही जणांच्या बंद पडलेल्या किडन्या पुन्हा काम करू लागतात. पण सगळ्यांच्या नाही. किती आठवडे त्या बंद होत्या, आधीपासून साखर किंवा बीपी होतं का, वयाची किती वर्षं उलटली, यावर सगळं अवलंबून असतं. लवकर पाठवलेल्या रुग्णाला फायदा होतो तो इथे. टेरलीप्रेसिन आणि अल्ब्युमिन वेळेत सुरू झालं तर ऑपरेशनपर्यंत किडनी तग धरते. मी म्हणूनच पोटात पाणी पहिल्यांदा दिसलं की प्रत्यारोपण केंद्राच्या नावाने चिठ्ठी लिहितो. "इतक्यात?" असं घरचे विचारतात. हो, इतक्यातच.

आता औषधाकडे येतो, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. थॉमस स्टार्झल यांनी अमेरिकेत डेन्व्हरला माणसात पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं 1963 मध्ये. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं हे ऑपरेशन करणारे बहुतेक रुग्ण गमावतच होते, कारण परकं यकृत शरीर फेटाळत होतं. सायक्लोस्पोरिन आलं आणि चित्र पालटलं. इंग्लंडमध्ये रॉय काल्न यांनी 1978 च्या सुमारास ते माणसांत वापरलं, आणि तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की या औषधाने किडनीला इजा होते. पुढे जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळालं. स्टार्झल यांनीच 1989 मध्ये पिट्सबर्गला ते यकृताच्या रुग्णांना दिलं. आज माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक प्रत्यारोपित रुग्ण हीच कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ घेतो. तिने यकृत टिकतं. आणि तिचाच दुसरा परिणाम असा की किडनीतल्या गाळण्यांकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या ती आवळते. पाटाचं दार अर्धं लावून ठेवावं आणि वर्षभर शेताला अर्धंच पाणी जावं, तसं किडनीचं होतं. सुरुवातीला दार उघडलं तर पीक पुन्हा उभं राहतं. वर्षं गेली की माती भेगाळते, मग पाणी सोडूनही उपयोग नाही. याच्या जोडीला टॅक्रोलिमस बीपी वाढवतं, साखर वाढवतं, आणि ही दोन्ही पुन्हा किडनीवरच येतात.

2003 मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. किडनी सोडून दुसरा अवयव बसवलेल्या 69,321 जणांची त्यात पाहणी होती. यकृत बदललेल्यांपैकी 18 टक्के लोकांची किडनी पाच वर्षांत गंभीर प्रमाणात निकामी झाली होती, आणि ज्यांची झाली त्यांचा मृत्यूचा धोका चौपटीहून अधिक वाढला होता. ते रुग्ण 1990 ते 2000 या काळातले, तेव्हा औषधांचे डोस जास्त होते. आता डोस कमी ठेवतात, ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस टॅक्रोलिमस उशिरा सुरू करतात, मायकोफेनोलेट या दुसऱ्या औषधाची जोड देतात. तरीही तो चौपटीचा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही, कारण अशी एक रुग्ण मी जवळून बघितली आहे.

चाळिशी ओलांडलेली बाई, भावाने यकृत दिलेलं. ऑपरेशनच्या आधी तिच्या किडन्या जवळपास थांबल्या होत्या, नंतर सुरू झाल्या, पण पूर्ण नाही. क्रिएटिनिन 1.1. रिपोर्टवर तो आकडा कोणाच्या डोळ्यात भरत नाही. पण तिच्या वयाच्या बाईसाठी 1.1 म्हणजे किडनीची गाळण्याची ताकद साठीच्या घरात, शंभराच्या आसपास हवी असताना. तीन-चार वर्षं छान गेली. निंदणाला जायची, मुलीचं लग्न केलं. मग गुडघे दुखायला लागले. गावातल्या एका दवाखान्यात तिला वेदनाशामक सुया मिळत राहिल्या, दुखलं की सुई. त्या सुयांतलं डायक्लोफेनॅक टॅक्रोलिमससारखाच किडनीचा रक्तपुरवठा आवळतं, दोन्ही एकत्र आले की काय होणार? त्यातच पावसाळ्यात ताप आला आणि दुसरीकडे अमिकासिन या किडनीला जड जाणाऱ्या अँटिबायोटिकच्या सुया झाल्या. माझ्याकडे आली तेव्हा पाय सुजलेले, क्रिएटिनिन 6 च्या वर.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. ज्याची प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम दाबून ठेवली आहे, त्याच्या मानेत डायलिसिसची नळी ठेवणं म्हणजे जंतूंना वाट करून देणं. अमेरिकेत 2017 पासून नियम आहे की यकृत बदलल्यावर वर्षभरात किडनी सावरली नाही, तर अशा रुग्णाला किडनीच्या यादीत अग्रक्रम मिळतो. तो नियम तिला लावला असता तरी चार वर्षं उलटून गेली होती आणि घरात दुसरा देणारा कोणी नव्हता. भावाच्या यकृताचा तुकडा आधीच घेतलेला, नवऱ्याला साखर. ती नळीच्या संसर्गानेच गेली. ज्या आठवड्यात गेली, त्या आठवड्यातही तिचं बिलिरुबिन 0.8 होतं. तेराव्यानंतर भाऊ भेटायला आला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माह्यं लिव्हर तं चांगलं होतं ना साहेब?" मी त्याला तिचे सगळे रिपोर्ट काढून दाखवले, एकेक ओळ. त्याने दिलेलं यकृत शेवटपर्यंत उत्तम चाललं होतं, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं असं मला वाटलं. त्याचं पोट तपासलं, त्याचंही रक्त घेतलं. दान करणाऱ्या माणसाला ऑपरेशननंतर कोणी फारसं विचारत नाही, हे मला नेहमी खटकतं.

आमच्याकडचा उन्हाळा हा या रुग्णांचा मोठा शत्रू. मे महिन्यात पारा 43-44 ला जातो, नळाला आठवड्यातून एखाद-दुसऱ्यांदा पाणी, टँकरचं पाणी, लग्नातलं जेवण. जुलाब लागतात. साध्या माणसाला जुलाबाने अंगातलं पाणी जातं, तेवढंच. टॅक्रोलिमस घेणाऱ्याला दुहेरी मार बसतो, कारण आतड्याचं अस्तर सोललं गेलं की औषध अडवणारी यंत्रणाही मोडते आणि तीच गोळी रक्तात जास्त प्रमाणात शिरते. एकीकडे पाणी कमी, दुसरीकडे औषध जास्त. शेलूबाजारकडचे एक काका अशा जुलाबानंतर आले. आजार सांगत होते, पण माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. चहाची बशी थरथरत होती. टॅक्रोलिमसची पातळी चढल्याची ती खूण. क्रिएटिनिन 2.1 आणि पोटॅशियम 5.8 निघालं. घरचे बिचारे अशक्तपणा जावा म्हणून दिवसाला तीन-तीन नारळपाणी पाजत होते, आणि नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. सलाइन लावलं, नारळपाणी बंद केलं, प्रत्यारोपण केंद्राला फोन करून गोळीचे दोन डोस थांबवले. आठवड्याभरात क्रिएटिनिन 1.3 वर आलं. असे रुग्ण वेळेत आले तर फार समाधान देतात, कारण इथे किडनी परत मिळते.

पातळी मोजायचं रक्त हा तर स्वतंत्र विषय. ते रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याच्या आधी काढायचं असतं, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये. आमच्याकडून ते कुरिअरने मोठ्या शहराच्या लॅबला जातं. आता रुग्ण काय करतो? पहाटे उठतो, गोळी खातो, एसटी धरतो आणि दहाला लॅबमध्ये येतो. "खाल्ली का सकाळची गोळी?" "खाल्ली ना जी, उपाशीपोटीच खाल्ली, रक्त द्याचं होतं म्हनून." मग पातळी 14 येते, तिकडचा डॉक्टर डोस कमी करतो, आणि महिन्याने यकृत कुरकुरायला लागतं. पहिल्या महिन्यांत 6 ते 10 आणि पुढे साधारण 4 ते 7 अशी ही पातळी ठेवायची असते, किती अरुंद पट्टा आहे बघा. म्हणून आमच्या लॅबमधल्या मुलांना मी शिकवून ठेवलंय की ट्यूबवर नाव लिहायच्या आधी शेवटची गोळी किती वाजता घेतली ते विचारायचं आणि तीच वेळ फॉर्मवर लिहायची.

खाण्यापिण्यातलंही सांगावं लागतं. पपनस खायचं नाही, त्याने टॅक्रोलिमसची पातळी वाढते. गुळवेलीचा काढा नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली होती. आणि प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीही या माणसाने घ्यायचंच नाही, कारण आपण ती मुद्दाम दाबून ठेवतोय. हे पटवायला वेळ लागतो, पण पटतं.

मंगरूळपीर हे बिरबलनाथ महाराजांचं आणि दादाहयात कलंदरांच्या दर्ग्याचं गाव. उपास इथे दोन्हीकडे कडक. माझ्या एका चाचांना नवं यकृत मिळून तीन वर्षं झालेली, क्रिएटिनिन 1.5. रमजान जवळ आला. "डॉक्टर साब, रोजे तो रखूंगा, दवाई का टाइम आप बिठा दो." सहरी आणि इफ्तार यांत तेरा तासांचं अंतर असेल तर गोळ्यांची वेळ बसवता येते, यकृत आणि किडनी दोन्ही स्थिर असलेल्यांना केंद्राशी बोलून तसं करूही देतात. पण 2018-19 मध्ये रमजान ऐन मे-जूनमध्ये आला होता तसा आला असता तर मी स्थिर माणसालाही नाही म्हटलं असतं. चाचांची किडनी तर स्थिरही नव्हती. मी आकडे समोर ठेवले आणि मौलवीसाहेबांना भेटून या म्हटलं. ते भेटले. दीर्घ आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, त्याऐवजी गरिबाला जेवण द्यावं, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या महिन्यात चाचांनी रोज एकाला जेवू घातलं, आणि त्याचा त्यांना जो आनंद होता तो मी बघितला आहे. वर्षाच्या एकादशा आणि नवरात्र करणाऱ्या काकूंसाठी हेच काम मी घरच्या सुनेकडे सोपवतो. ती ऐकते आणि ऐकवते.

सगळ्यात मोठं काम म्हणजे चढता आकडा ओळखणं. पन्नाशीचे एक शेतकरी, कधी दारूला न शिवलेले, साखर आणि फॅटी लिव्हरने सिरोसिसपर्यंत गेलेले. बायकोने यकृत दिलं. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, नातेवाईक, विकलेलं दोन एकर, असं करून पैसे उभे राहिले. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन 0.8. वर्षाने 1.2. सगळे खूश, कारण 1.2 म्हणजे रिपोर्टप्रमाणे नॉर्मल. दोन वर्षांनी 1.4. "जरासंच वाढलंय," असं त्यांना कोणीतरी सांगितलंही होतं. पण गाळण्याच्या ताकदीत मांडलं तर 0.8 म्हणजे शंभराच्या वर आणि 1.4 म्हणजे साठ. दोन वर्षांत चाळीस टक्क्यांहून जास्त घट. यातला थोडा भाग अंगावर पुन्हा मांस चढल्याचा असतो, हे मान्य. दंड भरले की क्रिएटिनिन वाढणारच. शंका असेल तर सिस्टॅटिन सी नावाची तपासणी करतात, ती स्नायूंवर अवलंबून नसते. स्टेरॉइड चालू असेल तर मात्र तीही फसवते. यांचं स्टेरॉइड बंद झालं होतं. सिस्टॅटिन सी पाठवलं आणि त्यानेही तोच निकाल दिला.

मी केंद्रातल्या डॉक्टरांना फोन केला आणि सगळे आकडे तारखांसह वाचून दाखवले. टॅक्रोलिमसची पातळी दोन वर्षांनीही 9 च्या आसपास होती. लघवीतून प्रथिनं जात होती, बीपी वरचं 150. टॅक्रोलिमस कमी करून एव्हरोलिमस घालायचं का, यावर बरीच चर्चा झाली. यकृताच्या रुग्णांत त्याने किडनी चांगली राहते हे मोठ्या चाचणीत दिसलंय, पण ज्याच्या लघवीतून प्रथिनं जातात त्याला ते मानवत नाही. म्हणून मायकोफेनोलेट वाढवलं, टॅक्रोलिमसची पातळी हळूहळू 4-5 पर्यंत आणली, बीपीची गोळी बदलली. डोस उतरवताना यकृत बंड करेल ही भीती असतेच, त्यामुळे दर आठवड्याला एसजीपीटी. बायको प्रत्येक वेळी सोबत यायची आणि रिपोर्ट आधी तीच हातात घ्यायची. तिचंच यकृत ना ते. क्रिएटिनिन 1.3 वर येऊन थांबलं. खाली गेलं नाही, वरही गेलं नाही. या रुग्णांमध्ये थांबणं ही मोठी कमाई आहे, असं मी त्या दोघांना सांगितलं, आणि ते मनापासून सांगितलं.

यांच्यापासून मी प्रत्येकासाठी एक जाड कागदाचं कार्ड करायला लागलो. वर औषधांची नावं कंपनीसकट, कारण कंपनी बदलली की पातळी बदलू शकते. त्याखाली क्रिएटिनिन, टॅक्रोलिमसची पातळी, बीपी, लघवीतली प्रथिनं, तारीखवार. मागच्या बाजूला मराठीत ठळक अक्षरांत न देण्याची औषधं: दुखण्याच्या सुया आणि गोळ्या, जेंटामायसिन, अमिकासिन, क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, डिल्टियाझेम. टीबीसाठी रिफाम्पिसिन द्यायचं झालं तर आधी फोन, कारण ते उलट्या दिशेने पातळी पार खाली नेतं. दुखण्यासाठी काय द्यायचं तर पॅरासिटामॉल, योग्य प्रमाणात. गंमत म्हणजे लिव्हरवाल्याला पॅरासिटामॉल चालत नाही अशी समजूत इतकी घट्ट आहे की त्यापायी त्याच्या हातात डायक्लोफेनॅक दिलं जातं. ही समजूत मोडायला मी तालुक्यातल्या डॉक्टरांच्या बैठकीत उभा राहून बोललो आहे, मेडिकल स्टोअरवाल्यांच्या दुकानात जाऊन बसलो आहे. काहींनी ऐकून सोडून दिलं. काहींनी कार्डाची झेरॉक्स काउंटरच्या काचेखाली ठेवली.

मागच्या हिवाळ्यात रात्री नऊच्या सुमारास बसस्टँडजवळच्या एका मेडिकलवरून फोन आला. चालवणारा पोरगा नवा, डी. फार्म. करून वर्ष झालेला. "साहेब, तुमचे ते लिव्हरवाले भाऊ आले हायेत. छातीत कफ झाला म्हनून कुठूनतरी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून आनलं. कार्डावर नाही म्हनून हाय. देऊ का नको?" नको म्हटलं. ॲझिथ्रोमायसिन द्या, आणि भाऊंना फोन द्या. भाऊंना विचारलं ताप किती, दम लागतो का, पाणी किती पिता. सकाळची गोळी न घेता आठच्या आत लॅबमध्ये या, असं सांगितलं. ते आले, सोबत बायको. छातीचा फोटो ठीक होता, क्रिएटिनिन 1.3.